कोरड्या डोळ्यांचं पाणी

वरळी कोळीवाडा,
रविवार

तीर्थरूप दमयंतीताईस, धाकट्या शेवंतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? आम्ही इथे एकवीरा आईच्या कृपेने उभे आहोत, एवढंच म्हणते. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तुला फोन लावला की तुझा नातू खेळ अडला म्हणून कट करतो. (परवा तर कट करण्याआधी "कौन है" म्हणाला. आजीच्या सख्ख्या बहिणीला.)

तर ताई, झालं असं. आपली हर्षाली, माझ्या लहूची मुलगी, यंदा दहावीला. महिनाभर बघतेय, पोरीचे डोळे लाल आणि गालांवर सारखं पाणी. विचारलं की म्हणायची, "काय नाय गो आजी, असंच येतं." असंच तर नळालाही येत नाही, डोळ्याला कुठून येणार? जन्मभर मासळी विकली मी. पापलेटाचा डोळा बघून माल कालचा की आजचा ते हात न लावता सांगते, मग नातीचा डोळा मला कळणार नाही? पोर कोणासाठी तरी रडते आहे, हे मी ओळखलं. कोणासाठी, तेही ओळखलं. समोरच्या घरातल्या मंजुळेचा पोरगा, तिच्याच वर्गात आहे. (दिसायला बरा आहे, आणखी पुरावा काय हवा?)

मंजुळा तुझी सख्खी नणंद, हे काही मी विसरले नव्हते. तरी तिच्या दारात उभी राहून मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तीही कुठे गप्प बसणारी. "माझ्या पोराचे पन डोळे लालच हायेत, त्याला काय तुझ्या नातीनं रडवला?" असं म्हणाली. मला वाटलं, उलटून बोलायचं म्हणून बोलतेय. भांडण बघायला अर्धा कोळीवाडा जमला, वाळत घातलेल्या बोंबलांवर लक्ष ठेवायला कोणी उरलं नाही, मांजरांची दिवाळी झाली.

शेवटी लहूने पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मीही गेले. बाईंनी टिपकागदाची बारीक पट्टी तिच्या पापणीत अडकवली, थोड्या वेळाने काढून बघितली आणि म्हणाल्या, हिच्या डोळ्यांत ओलावाच नाही. ऐकलंस, ताई? महिनाभर जिचे गाल पदराने पुसले, तिचे डोळे म्हणे कोरडे. मग बाईंनी समजावलं. क्लास मोबाईलवर, अभ्यास मोबाईलवर, करमणूकही त्यावरच, आणि बघताना पोर पापणी मिटायचीच विसरते. डोळा सुकतो, चुरचुरतो, त्या चुरचुरीने वरवर पाणी सुटतं. पापणी न मिटता फक्त मासा बघतो, ताई, आणि तोही माझ्या टोपलीत. आत्ताच आवरलं नाही तर परीक्षेत पेपरवरची अक्षरं धूसर दिसतील, असंही म्हणाल्या. बाईंनी थेंब दिले, मोबाईल कमी करायला सांगितला, आणि अभ्यास करताना मधूनमधून उठून लांबचं काहीतरी बघत पापण्या मिटायच्या, असं बजावलं.

पोर गुणाची. तेव्हापासून न चुकता गच्चीवर जाते आणि लांबचं बघते. लाली उतरली, मी सिद्धिविनायकाला नारळही फोडून आले.

थोरांना नमस्कार, नातवाला (मोबाईल खाली ठेवला तरच) आशीर्वाद.

तुझी,
शेवंती

ता. क. खरं काम हे. मंजुळा माझ्याशी बोलत नाही. चूक माझीच, पोरावर नाही तो आळ घेतला. तू तिची वहिनी, तुझं ती ऐकेल. माझ्या वतीने माफी माग आणि सोबत धाडलेल्या सुक्या जवळ्यातला निम्मा तिला दे. राहते समोर, पण माझ्या हातून घेणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी बोंबील काढायला गच्चीवर गेले होते. हर्षाली लांबचं बघत होती. समोरच्या गच्चीवरून मंजुळेचा पोरगाही लांबचं बघत होता. त्यालाही त्याच बाईंनी तेच सांगितलंय म्हणे. दोघं पापण्या मिटत होती, एकदा ही, एकदा तो. तेव्हा माफीचं राहू दे, जवळा तूच ठेव. पण डोळे दोघांचेही निवळलेत आणि परीक्षा जवळ आली आहे, तर आता हे बंद कर असं पोरीला कोणत्या तोंडाने सांगू, तेवढं उलट टपाली कळव.