भांडारातली नटी आणि तू

माय, तू चुलीवरच्या पातेल्यात सोडा टाकते आहेस आणि मी नीळ फडक्यात बांधते आहे. कारखान्याच्या कॉलनीतली धुणी दारात येऊन पडली आहेत. दुष्काळाचं वर्ष, टँकर दिवसाआड. तुझी पद्धत ठरलेली. एकाच पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी फडकी, आणि विसळून उरलेलं पाणी दारातल्या कडुलिंबाला. मला त्या वर्षी चौथीतून काढलं होतं. येत होती ती अक्षरं विसरू नयेत म्हणून इस्त्रीचे कपडे गुंडाळायची रद्दी मी वाचत बसायचे.

त्या सकाळी कारखान्याच्या ग्राहक भांडाराचे मॅनेजर स्वतः आपल्या दारात आले. भांडारात चार वॉशिंग मशीन येऊन पडल्या होत्या आणि एकही खपत नव्हती. वर भिंतीवरच्या जाहिरातीच्या चित्रात सिनेमातली नटी, अंगावर भरजरी शालू, मशीनवर हात ठेवून हसणारी. आदल्या बाजारी तू माझ्याकडून तिच्याखालचा मजकूर वाचून घेतला होतास आणि बराच वेळ तिच्याकडे बघून म्हणाली होतीस, "शालू पाण्यात घालती व्हय ही? आन् हात बघ, कोरडे ठाक. हिचं धुणं धुणारी कुटं हाय? तिचा फोटू का न्हाई काढला?"

मॅनेजर म्हणाले, "मावशी, त्या नटीला इथं कोण इचारतंय? बाया तुमचं ऐकत्यात. रविवारी मशीनपाशी उभ्या ऱ्हावा, चांगली हाय म्हणा. भांडारात कायमचं लावून घेतो." कायमचं म्हणजे सावलीतलं काम, महिन्याचा पगार आणि माझी शाळा. मी तुझा पदर ओढत होते.

"आदी धुऊन बघते," तू म्हणालीस. "न बघता कसं सांगू?"

रविवारी सगळी कॉलनी जमली. तू मशीनमध्ये ओतलेली एकेक बादली मोजलीस, सदऱ्याची कॉलर उन्हात धरून पाहिलीस. मागे ती नटी हसते आहे आणि पुढे तू, ओल्या हातांनी.

"मळ काढती. खोटं कशाला बोलू? पर बायांनो, एवढ्या पाण्यात मी तीन घरांचं धुते. पाऊस होऊस्तवर घेऊ नका."

"तुझं काम जाईल म्हणून बोलतीस!" एकजण म्हणाली.

"मंग घे की. पर घागर घेऊन माझ्या दारात येऊ नको."

सगळ्या हसल्या. मॅनेजर हसले नाहीत. मशीन खपली नाही आणि तुला मिळणारी नोकरीही गेली. वाटेत मी तुला म्हणाले, "तिच्यासारखं नुसतं हसायचं व्हतं. तेवढं बी जमलं न्हाई तुला." तू डोक्यावरचं गाठोडं सरळ केलंस आणि चालत राहिलीस.

पुढे मी हाताला लागेल ते वाचलं. जाहिराती अजून वाचते. कधी खेळाडू असतो, कधी नटी, आणि मी आधी त्यांचे हात बघते. भांडारात त्या दिवशी तुझ्या शब्दावर अख्खी कॉलनी माघारी फिरली, हे मी आता सुनेला, नातींना ताठ मानेनं सांगते. तेव्हा मात्र मान वर झाली नव्हती.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांची धोतरं नाहीत, तरी दोरीवरची त्यांची जागा मी मोकळीच ठेवते. आता माझी बोटं आखडतात, म्हणून लेकानं मशीन आणली. ती लावून द्यायला दुकानदार आला, मोबाइल काढून म्हणाला, "काकू, मशीनवर हात ठिवून हसा. दुकानाच्या जाहिरातीत टाकतो." मी म्हणाले, "आधी धुऊन बघते."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पेटीत ठेवीन, त्या नटीच्या चित्रावर. होय, ते माझ्याकडे आहे. त्या रविवारनंतर मी ते मॅनेजरकडून मागून आणलं आणि तुझ्यापासून लपवलं. जोडाक्षरं मी त्याच्यावरच पक्की केली. माझी आई अशी असती तर, असंही तेव्हा वाटून गेलं होतं.

मशीन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक धुणं लावलं, बाहेर पडणारं पाणी बादल्यांनी मोजलं, त्यात फडकी धुतली, आणि दुकानदाराला फोन करून किती बादल्या झाल्या ते सांगितलं.