पाच बोटांत मी नाही

३ जुलै
शाळेत जाऊन भांडून आले! नातीच्या वर्गाला, आठवीच्या मुलांना, शरीर, सुरक्षितता, संमती असलं काहीबाही शिकवणार म्हणे. मुख्याध्यापिकेला ठणकावलं — आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी यातलं अक्षर शिकवलं नाही, आमचं काय अडलं? ती थंडपणे म्हणाली, "आजी, आधी वर्गात बसा. मग भांडा."
आजी! पन्नाशीची बाई ती. मी माझ्या नातीची आजी आहे, हिची नव्हे.

५ जुलै
बसले. मागच्या बाकावर, आक्षेप टिपायला वही घेऊन. शिकवायला आलेली नर्स जेमतेम तिशीची. मी भाजीची यादी वाचावी तशी तिने अवयवांची नावं वाचली. मुलं मिनिटभर खिदळली, मग ऐकू लागली. वर्गात लाल झालेलं तोंड एकच — माझं.
एका मुलाने विचारलं, "मुलगी नाही म्हणते तेव्हा कधीकधी हो असतं ना?" नर्सने तोंड उघडायच्या आत मी उभी! "नाही म्हणजे नाही, गाढवा!" टाळ्या पडल्या. नात बाकाखाली शिरली.
वही कोरी.

६ जुलै
वर्गात मुलांनी कागदावर आपापला पंजा काढला होता. बोटागणिक एक मोठं माणूस — वाईट काही घडलं तर ज्याला सांगता येईल असं. नातीचा कागद टेबलावर होता. वाचला. दुसऱ्याचं वाचू नये, हे तिला मीच शिकवलंय.
आई — पुढे "सुट्टी असेल तर". बाबा. नर्स. बसचे ड्रायव्हरकाका. करंगळी रिकामी.
रिकामी चालेल, पण मी नको! ड्रायव्हर चालतो!

७ जुलै
बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसले. गावभराने गाऱ्हाणी आणली, घरातली पोर आणत नाही. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही ऐकता कमी, निकाल देता जास्त."
हे साफ खोटं आहे, असा निकाल मी तिथल्या तिथे दिला.

९ जुलै
ऐकण्याचा सराव. "कसा गेला दिवस?" एवढं विचारून तोंड मिटलं. मैत्रिणीने केस निळे केलेत म्हणे. मी जीभ चावली. खरोखरची! अजून दुखतेय.
"आजी, तुला बरं नाही का?"

१० जुलै
निळ्या केसांवर बोललेच. पंधरा मिनिटं. मुसळ केरात.

१४ जुलै
तिच्याजवळ सतरा मिनिटं गप्प बसले. विक्रम! ती उठली, "तू गप्प असलीस की भीती वाटते गं," म्हणाली, दारापर्यंत गेली. मग परत येऊन बसली.

१५ जुलै
आज बोलली. शिकवणीचे सर. दार लावतात, शेजारी बसतात, हात कुठे ठेवतात — प्रत्येक अवयवाचं नाव घेऊन, न अडखळता. दोन महिने.
मी ओरडले नाही. "तुझी काही चूक नाही," म्हणाले. मग न राहवून विचारलंच — मला का नाही सांगितलंस?
"सर तूच शोधलेस ना. फार सज्जन आहेत म्हणून. बाबांना सांगितलं असतं तर ते तुलाच विचारायला आले असते."
सूनबाई चपला घालतेय. पोलीस ठाण्यात बोलेल ती नात. शिकवणी कोणी लावली, हे मात्र त्यांनी विचारायच्या आत मी सांगणार आहे.