पत्र्यावरचे सेल

बाबा, तुम्ही रेडिओचे सेल न्हाणीच्या पत्र्यावर उन्हात ठेवत होते ना, त्याच्यापायी आपली आई परवा ठार बहिरी होऊन बसली. घाबरू नका, आता ऐकते.

तिला कानाचं मशीन घेतलं. त्यात शर्टाच्या गुंडीएवढा सेल लागते, वर रंगीत कागद चिकटवलेला. पाकीट तिच्या हाती दिलं अन् मी सौसरला शाळेत शिकवायला निघून गेली. आईनं काय करावं? साऱ्या सेलांचे कागद सोलले, ताटलीत मांडले अन् ठेवले कुरडयांशेजारी. एप्रिलातलं पांढुर्ण्याचं ऊन! मशीनमधला सेल संपला तेव्हा मला कळलं; तोवर कित्येक दिवस उलटले होते अन् एकही सेल जिवंत नव्हता. "तुहे बाबा असेच ताजे करत होते," ती म्हणाली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

मग तो दिवस आठवला. मी पत्र्याखाली उभी आहे. "बाबा, उन्हानं सेल भरते का?" तुम्ही संत्रा सोलता सोलता म्हणता, "मले काय माहीत? बातम्या ऐकू येतात, बस झालं. तू शिक अन् मले सांग." अन् एक फोड माझ्या हातावर ठेवता.

शिकली, बाबा. ऐका. रेडिओच्या सेलाचं डबडंच जस्ताचं असते. आत ओलसर मसाला, मधोमध कोळशाची कांडी. वीज देता देता जस्त झिजते. ऊन लागलं की सुस्तावलेला मसाला जरासा हुशार होते अन् उरलंसुरलं जस्त कामी येते; भरत मात्र काहीच नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं निराळं. शिशाच्या पाट्या अन् तेजाब. उलटी वीज सोडली की झालेलं सारं मागं फिरते. मोबाईलमधलं लिथियम लेकीसारखं माहेर-सासर करते, चार्जिंगला लावलं की माहेरी. अन् आईचा हा गुंडीएवढा सेल? हा हवा खाते! खरंच सांगून राहिली. आत जस्त आहे, बाकीचं काम हवेतला ऑक्सिजन करते. कागद सोलला की बारक्या छिद्रातून हवा शिरते अन् सेल सुरू, मग मशीनमध्ये असो की ताटलीत. एवढी वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे मला पाकीट वाचूनच कळलं. उड्या मारायचीच बाकी राहिली होती.

नवं पाकीट आणलं. कागद सोलून सेलाला मिनिटभर हवा खाऊ दिली, मशीन तिच्या कानात लावलं अन् त्याच भरात तिला सगळं समजावून सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुहे बाबा चुकत होते का वं? जलमभर?"

तुमच्या हातची एवढीच तर रीत तिनं अजून जपली आहे, अन् मी तीच खोडून बसली.

"नाही आई, बाबांचं बरोबरच होतं. तुझे सेल निराळे आहेत."

हे खोटं नाही, बाबा. रेडिओचे सेल ऊन मागत होते, हिचे नाही मागत. ती हसली. "मंग ओरडून काहून राहिली? ऐकू येऊन राहिलं मले."

आता हे पत्र टाकायचं कुठं? तुम्हाला सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिलं. अन् अजून एक, आईला सांगू नका. कपाटात नवे सेल पडले असताना आज दुपारी मी टीव्हीच्या रिमोटचे सेल पत्र्यावर ठेवले. आत्ता लावून पाहिले. टीव्हीचा आवाज थोडा वाढला, मग वाढायचा थांबला. तुमची लय आठवण येते, बाबा.