कासवाला माझं नाव नको

सुरत, ता. ४ मार्च १९९६

चि. सुकन्या हिस बिरदेवकडून अ. आ.

न्हाय म्हणजे न्हाय, हे किती वेळा लिहू? मागच्या दोन पत्रांत लिहिलं, तरी तुझं आपलं तेच. आईला कासव पाळायचंय, नरसिंहपूरची रंगूमावशी जाळ्यात आलेलं देते म्हणतीय. दोन सालामागं आबा गेले आणि आईनं बावीस मेंढ्या एका दिवसात विकल्या. मी पाया पडलो. तवा म्हणाली, घरात जनावर नको, जिवाला घोर नको. हातातली काठी गेली म्हणून मी हितं आलो. आणि आता तिला जनावर पायजे?

मी चौथी नापास असंन, पण हितं माशांच्या दुकानात रोज अकरा काचपेट्या घासतो. त्यात तीन कासवांच्या. दिवसाआड पाणी बदलावं लागतं, न्हायतर वास गल्लीच्या टोकाला जातो. तीस-चाळीस वर्सं जगतं ते. आईचे गुडघे गेलेत, तू शिकायला जाणार. पाणी कोण बदलणार, सरपंच?

आईला दंडवत. राग आला तर येऊ दे, माया कमी करू नका.

तुझा दादा,
बिरदेव

निरवांगी, ता. १३ मार्च १९९६

ती. दादास सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, येतो म्हणून चार वेळा लिहिलं, एकदाही आला नाही, त्याला विचारून मी घरात काय आणायचं? तर कासव आलं आहे. भाकरीएवढं आहे. मावशी म्हणाली, महिनाभर ठेवून बघ, नाही जमलं तर संगमात परत सोडते.

आईनं त्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढलाय, आपल्या मेंढरांना असायचा तसाच. रोज सकाळी घासाच्या वाफ्यात चरायला सोडते आणि काठी घेऊन शेजारी बसते. सहा दिवस झाले, ते तोंडच लावत नाही. आई म्हणते, रुसलंय. त्याला बिरदेव म्हणते. मी विचारलं, हेच नाव का? तर म्हणाली, हे पळालं तरी दाराच्या आत गाठता येतं.

बारावीचे पेपर संपले की जूनमध्ये मी बारामतीला नर्सिंगला जाणार. तुझ्या वाटचं घर राखायला मी बसणार नाही, हेही वाचून ठेव. कासव नको म्हणायचा हक्क घरात राहणाऱ्याला.

मोठेपणा पत्रातून करतोस, तसा लोभही पत्रातूनच धाडत जा.

सुकन्या

सुरत, ता. २१ मार्च १९९६

चि. सुकन्या, आशीर्वाद द्यायचं मन न्हाय, तरी अ. आ.

आधी कासव पाण्यात टाक, मग पुढचं वाच. टाकलंस? अगं, शिकलेली तू, नर्स होणार तू! ते पाण्यातलं कासव हाय, मेंढरू न्हाय. काय खायचं ते पाण्यातच गिळतं, कोरड्यावर त्याला गिळता येत न्हाय. रुसलंय कसलं, उपाशी मरतंय. आबांचं तांब्याचं घंगाळ भर, चिलापी मासळीचा तुकडा टाक आणि बाजूला हो. गेरू धू. तार करणार होतो, पण पोस्टातला बाबू हसला असता.

खाल्लं की मावशीला परत द्या. नदीतलं कासव घरात ठेवलं तर सरकार धरतं, शेट म्हणतो. आणि त्याला माझं नाव नको. माझ्या नावाचं जनावर तुमी उपाशी मारताय, मी हे कुणाला सांगू?

आईला म्हणावं, मी पळालो न्हाय. तिनं मागं काय ठेवलं होतं म्हणून थांबायचं?

माझी खुशाली ईचारू नका, कासवाची तेवढी कळवा.

बिरदेव

निरवांगी, ता. २९ मार्च १९९६

ती. दादास शि. सा. न.

परवा पत्र आलं आणि लगेच घंगाळ भरलं. तासभर ते हललं नाही. मग तुकडा एका घासात गेला. आई खाली बसून बघत राहिली. म्हणाली, तीन आठवडे मीच मारत होते की गं याला. त्या दिवशी ती जेवली नाही.

मेंढ्यांचंही तेव्हाच बोलली. आबा रानात एकटे गेले, कळपाशेजारी. लेकाचं तसं होऊ नये, लेक घरी राहावा, म्हणून तिनं कळप विकला. कळप गेला आणि त्याच्यामागं लेकही गेला.

कासव ठेवायचं नाही, हे तिनंच ठरवलं. पण मावशीच्या हाती देणार नाही म्हणते. ज्याचं नाव आहे त्यानं येऊन संगमात सोडावं, तोवर ते घंगाळात राहील. मी समजावून थकले. तुझीच आई आहे. गेरूही धुवू देत नाही.

उत्तर नको, आता माणूसच येऊ दे.

सुकन्या

सुरत, ता. ६ एप्रिल १९९६

ती. आईस बिरदेवचा दंडवत. सुकन्या, सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नको.

ही अडवणूक हाय. कासव धरून ठेवायचं आणि माणूस बोलवायचा, असं आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं न्हाय. आई, कळपाचं मला तवाच का सांगितलं न्हाय? दोन सालं मी मनात तुला बोल बोल बोललो. ते आता कुठं ठेवू?

अक्षय्य तृतीयेला येतो. हे मागल्या चार वेळांसारखं न्हाय. तोवर घंगाळात एक दगड ठेवा, वर चढून त्याला अंग सुकवता आलं पायजे. पाणी तू उचलायचं न्हाय, शेजारच्या सारजाकाकूला सांग. गेरू मी आल्यावर धुवीन. नाव ऱ्हाऊ दे, आता थोडं दिवस तर हाय.

भांडण उरलंय ते तोंडावर करू, तेवढी जागा मनात ठेव.

तुझा पळालेला,
बिरदेव

ता. क. कायमचा ऱ्हाईन असं लिहीत न्हाय. पण येताना खिशात एका बाजूचंच भाडं असंल. परतीचं मनीऑर्डरनं तुझ्याजवळ धाडतोय, तू दिलंस तर जाईन. रुपये एकशे चाळीस.