कोणी हलू नका

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी परवानगी नाकारल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे, आणि भावजी अजून जेवताना वर्तमानपत्र वाचतात का, ते कळव. मी बरा आहे. एका डोळ्याला अंधूक दिसतंय, म्हणून अक्षर वाकडं. परवा फोनवर 'ये' म्हटलं तर तू म्हणालीस, "मी येऊन करू काय? काही काम असेल तर सांग." ते मनाला लागलं, पण मोठ्या बहिणीला कोण बोलणार?

तर, मी पुन्हा लेन्स लावायला लागलोय. हसू नकोस. दुकानात इस्त्रीची वाफ चष्म्यावर धरते आणि मग मला गिऱ्हाईक कोण आणि कोट अडकवायचा पुतळा कोण ते कळत नाही. गेल्या आठवड्यात पुतळ्याला चहा विचारला आणि वकीलसाहेबांच्या खांद्यात टाचणी खुपसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पूर्वी का सोडल्या? मी म्हटलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, सारखं पाणी. (गिऱ्हाइकांना वाटायचं, घरात कोणी गेलं. एक आजोबा तर पाठीवरून हात फिरवून गेले, आणि त्या दिवशी शिलाईत घासाघीसही केली नाही.) हे सगळं खरंच. पण खुपत असतानाही मी त्या वर्षानुवर्षं रेटल्याच होत्या की! सोडल्या त्या तुझं लग्न झालं त्या वर्षी. शोधायला कोणी उरलं नाही.

"चष्म्यात तुझे डोळे वाया जातात" म्हणत तूच मला या फंदात पाडलंस. लेन्स पडली की मी ओरडायचो, "कोणी हलू नका!" आणि अख्खं घर जागच्या जागी थांबायचं. बाबांचा एक पाय चपलेत, एक हवेत. आई स्वयंपाकघराच्या दारात, मागे दूध उतू जातंय, पण बाई हलायची नाही. आणि तू हातात विजेरी घेऊन, गाल फरशीला टेकवून रांगत यायचीस आणि बोट ओलं करून लेन्स अलगद उचलायचीस (एकदा बाबांच्या बनियनवरून). तेवढा वेळ सगळं घर माझ्या एका डोळ्यासाठी श्वास रोखून उभं असायचं. फार आठवतं ते, ताई.

आताच्या लेन्स मऊ आहेत. चष्म्याच्या दुकानातली मुलगी म्हणाली, पडली तर शोधत बसू नका काका, नाहीतरी रोजची रोज फेकायचीच असते. मला वाईटच वाटलं. आज सकाळी न्हाणीघराच्या दारात डावी निसटली आणि सवयीने तोंडून गेलं, "कोणी हलू नका!" तुझी भावजय लेकीकडे, नातवाच्या दिमतीला. हलायला घरात होतं कोण? मीच एक पाय हवेत धरून बराच वेळ उभा राहिलो. मग रांगलो. कधीचं हरवलेलं एक बटण सापडलं, लेन्स नाही. उठताना दाराची चौकट धरावी लागली.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. ती जुनी विजेरी तुझ्याकडेच आहे ना?

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना उजवा डोळा फारच चुरचुरला. बघतो तर दोन्ही लेन्स त्याच डोळ्यात, एकीवर एक; डावी पडलीच नव्हती. आता तू म्हणशील, काम मिटलं. म्हणून एक जपून काढली आणि न्हाणीघराच्या दारात पुन्हा पाडून ठेवली आहे. तू येईपर्यंत इथे कोणी हलणार नाही.