खोली वाळवण्याचे घरगुती उपाय

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का, की अजून तू दिलेला काढा ते तुझी पाठ वळली की कुंडीत ओततात? (तसं असेल तर त्या झाडाची प्रकृतीही कळव.) इकडे मी बरी आहे, हे आनंदात आहेत, आणि घर कोरडं आहे. यातली तिसरी गोष्ट साध्य व्हायला काय काय सोसावं लागलं, ते सविस्तर सांगते. चहा घेऊन बस.

यांची नोकरी तुला ठाऊक आहेच. पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायची. रस्त्यावर दांडा टेकवून त्याला कान लावायचा आणि जमिनीखाली नळी नेमकी कुठे फुटली आहे ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर त्यांना ऐकायला माझ्याशिवाय काही उरलं नाही, आणि माझं ऐकायची त्यांना सवय नव्हती. दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. जेवलात का विचारलं, तर न जेवताच हो म्हणायचे. ताई, मी तुला तेव्हा लिहिलं नाही, पण मी घाबरले होते. त्यामुळे एक दिवस उठून ते म्हणाले की, लेकीच्या रिकाम्या खोलीत दिव्यांच्या उजेडाखाली सॅलडची पानं पिकवणार, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. हत्ती पाळतो म्हणाले असते तरी हो म्हटलं असतं.

मग मांडण्या आल्या, दिवे आले, ट्रे आले, आणि खरोखरच पानं आली. इतकी कोवळी आणि देखणी की मीसुद्धा शेजारणीला बोलावून दाखवली. कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या आचाऱ्याने ती घ्यायचं कबूल केलं. यांनी त्या दिवशी दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. पण पहिलाच माल आचाऱ्याने परत धाडला. "काका, तुमच्या पानांना मिशा फुटल्यात," म्हणाला. बुरशी! पुढच्या मालाला मिशा दिसल्या तर पुन्हा यायचं नाही, असंही गोड शब्दांत सांगितलं.

कारण सापडलं. हवा दमट. खोलीत हवेतली ओल मोजणारा एक काटा टांगला आहे, तो कायम वरच्या टोकाला चिकटलेला. हे त्याच्याकडे असे बघत बसायचे, जसे पूर्वी लेकीच्या गणिताच्या गुणांकडे बघायचे. हवा कोरडी करणारं यंत्र बाजारात मिळतं म्हणे. हे दुकानात किंमत विचारून आले, आणि येताना रिक्षा न करता चालत आले. "एवढ्याशा वाफेसाठी यंत्र कशाला? मी आख्खा जन्म पाण्यात काढलाय," एवढंच बोलले. तिथून घरगुती उपाय सुरू झाले.

सुरुवात कोळशाने झाली. इस्त्रीवाल्याकडून पोतंभर कोळसा आणून ताटांत पसरला. (ताटं अर्थातच माझी.) कोळसा ओल शोषतो म्हणतात. शोषली असेल, पण मांजरीला वाटलं, ही सोय आपल्यासाठी केली आहे. ती काम उरकून काळ्या पायांनी माझ्या पांढऱ्या चादरीवरून फिरायला लागली, तेव्हा कोळसा गेला. त्यानंतर चपलांच्या दुकानातून खोक्यांतल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या गोळा करून आणल्या. ओलावलेले दाणे भाजले की पुन्हा कामाला येतात, असं कळल्यावर हे माझ्या कढईत ते परतत बसले. मी कढई त्यांना बक्षीस देऊन टाकली.

मग पंखे लावले. खोलीतली दमट हवा बाहेर काढली, म्हणजे माझ्या कपाटात पाठवली. खोलीचं दारही फुगलं आणि एका सकाळी हे आत असताना बसलं ते बसलंच. समोरचा सुतार आला. तो बाहेरून ओढतोय, हे आतून ढकलतायत आणि ढकलता ढकलता दार कसं ओढावं ते त्याला शिकवतायत. शेवटी दार उघडलं तेव्हा मूठ सुताराच्या हातात होती आणि हे सुताराच्या अंगावर.

पुढे नियम निघाले. झाडांना पाणी फक्त सकाळी. ट्रे लांब लांब. खालची पिवळी पानं रोज खुडायची. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच खिडकी उघडायची. (हे सगळं शहाणपणाचं होतं हे मी मान्य करते, पण त्यांच्यासमोर नाही.) मात्र घरात ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, भात झाकण ठेवूनच शिजवायचा, इथपर्यंत गाडी आली. शेजारीण खोली बघायला आली तर हे तिला म्हणाले, "वहिनी, आत बोलू नका. श्वासात वाफ असते." ती तेव्हापासून माझ्याशीही कमी बोलते.

आणि शेवटी आलं मीठ. भोकं पाडलेल्या बादलीत खडेमीठ भरायचं आणि ती दुसऱ्या बादलीत बसवायची. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ते खाली ठिबकतं. खरंच ठिबकलं! हे ते पाणी पेल्यात घेऊन आल्यागेल्याला दाखवायचे. काटा मात्र जागचा हलेना. आचाऱ्याला माल द्यायचा दिवस जवळ आला, तसे हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. जेवलात का विचारलं. "हो" म्हणाले. ताट झाकलेलंच होतं.

पण त्यानंतर काही दिवसांतच काटा खाली उतरला. आधी थोडा, मग सरसर. पानं टवटवीत झाली, मिशा गेल्या, आचाऱ्याने माल घेतला आणि दर आठवड्याला आणा म्हणाला. हे दारातूनच ओरडले, "मीठ! मी म्हणत नव्हतो?" आणि दोनदा भात मागून घेतला. मला तेवढं पुरे आहे.

घरातल्या थोरांना नमस्कार, चिमुरड्यांना पापा, आणि मधल्या वयाच्यांना सहनशक्ती लाभो.

तुझी,
धाकटी

ता. क. मिठाने काही झालं नाही. मधे आम्ही नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. खोली बंद, झाडांना पाण्याचा थेंब नाही, भाताची वाफ नाही, शेजारणीचा श्वास नाही. परत आलो तरी काटा वरच! हे म्हणाले पानं घाम गाळतात. मी म्हटलं, असेल. मग ते बाजारात गेल्यावर मांडणी सरकवून पाहिलं. मागची भिंत हाताला गार आणि ओलीचिंब. पलीकडे न्हाणीघर. भिंतीतली नळी गळत होती, ताई! घर बांधताना ती यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली, आणि या घरात कधी थेंब गळणार नाही, हे पाहुण्यांना सांगून झालेलं. जन्मभर गावाची गळती शोधणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगू? हे आचाऱ्याकडे चार दिवसांची मुदत मागायला गेले त्या दुपारी नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं, भिंत फोडली, नळी बदलली, गिलावा केला आणि मांडणी होती तिथे लावली. ओल्या गिलाव्याचा वास आला तेव्हा हे म्हणाले, "मिठाचा वास बघ कसा येतो."

ता. क. २. फोन केला नाही, कारण फोनवर बोलताना हे शेजारी बसतात. काल भावजींशी त्यांचं बोलणं झालं. भावजी म्हणाले, आमच्या कागदाच्या गोदामातही भिंतीला ओल येते, गठ्ठे खराब होतात. झालं! हे शुक्रवारी बादल्या आणि पोतंभर मीठ घेऊन तुमच्याकडे येतायत. साडूच्या उपयोगी पडायचं म्हणून इतके खूश आहेत की मला थांबवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवावंसं वाटलंही नाही. तेव्हा ताई, एवढं कर. शुक्रवारच्या आत गोदामाच्या भिंतीमागे कुठे नळी गळते का ते गुपचूप बघून दुरुस्त करून घे. मीठ यांना ठेवू दे.

ता. क. ३. तुमच्याकडची नळी भावजींनी स्वतः उभं राहून तर बसवली नव्हती ना? तसं असेल तर नळदुरुस्तीवाल्याला ते दुपारी झोपल्यावर बोलव.