डोळ्यांखालचं काळं

१२ एप्रिल

लॅबच्या काउंटरवर आज एका पेशंटनं मलाच विचारलं — तुमची तपासणी केली का, मॅडम? सगळे हसले. मीही.

रामदासपेठेतल्या लॅबमधून सुटल्यावर सरळ जरीपटक्याला, करिष्माच्या पार्लरमध्ये. शाळेपासूनची मैत्रीण. तिनं आधी नारिंगी करेक्टर लावलं, त्यावर कन्सीलर, बोटानं टिपत टिपत. ‘घासू नको, दाबून बसव.’ काळं गेलं. मग डोळा मारून म्हणाली, ‘काहून वं नूपुर, तुह्या नवरदेवाशी, अंकितशी रात्रभर बोलून राहिली का?’

बोलत नाही. हेच तर कुणाला सांगता येत नाही! व्हिडिओ कॉल लावून फोन उशीपाशी उभा करायचा. दिवा चालू. तोंड कॅमेऱ्याकडे. सकाळपर्यंत. कूस बदलली की पुण्याहून अंकितचा आवाज — ‘इकडे पाह्य.’

१६ एप्रिल

ऊन फार. ऑटोत घाम आला आणि डोळ्यांखालच्या कन्सीलरला भेगा पडल्या. दुपारी बाथरूममध्ये पुसून पुन्हा लावलं.

१९ एप्रिल

साक्षगंधात अंगठ्या घातल्या तेव्हा गोड वाटायचं. झोप लागेपर्यंत बोलू, म्हणायचा. मग — फोन चालूच राहू दे, तू दिसली की मले बरं वाटते. मग बरं वाटण्याचं कधी संपलं ते कळलं नाही.

काल रात्री वीज गेली आणि फोन बंद पडला. सकाळी उठले तर बाबा अंकितशीच बोलत होते. फोन ठेवून आईला म्हणाले, ‘पोरीचा फोन लागला नाही तर पोरगा झोपला नाही रातभर. इतका जीव लावणारा कुठं भेटते?’

मला मात्र त्यानं विचारलं, ‘वीज गेली होती, हे कोण सांगू शकते?’ समोरच्या काकूंना त्याच्याशी बोलायला लावलं मी. काकूंना वाटलं, थट्टा चालली आहे.

२३ एप्रिल

आईला म्हटलं, झोप होत नाही गं. पुढचं जिभेवर होतं. तिनं बदामाचं तेल आणून दिलं. ‘लग्नाआधी होतेच असं. मले पण नव्हती झोप.’ बाहेरच्या खोलीत बाबा पत्रिकांना हळदीकुंकू लावत बसले होते. मी तेलाची बाटली घेऊन आत गेले.

२८ एप्रिल

खाप्याला, अंकितच्या घरी. शालू पसंत करायला त्याच्या आईनं, शामलाबाईंनी, बोलावलं होतं. आईबाबा पुढच्या खोलीत त्याच्या वडिलांपाशी, भैयाजींपाशी बसले. मी स्वयंपाकघरात.

कूलर तिकडे पोचत नाही. शामलाबाई पुऱ्या तळत होत्या, घाम निथळत होता. पदरानं तोंड पुसलं आणि डोळ्यांखालची पावडर पदरावर आली. खाली माझ्यासारखंच काळं. माझ्याहून जुनं, खोल.

मी पाहते आहे हे त्यांनी पाहिलं. गॅस बारीक केला.

‘तुले चांगलं लावता येते. अंकित रातभर फोन चालू ठेवायले लावते का?’

मी मान हलवली असेल. डोळे भरून आले होते एवढं आठवतं.

‘याचे बाबा मले झोपेतून उठवत. विचारत, कोणाचं सपान पाहून राहिली? अजून उठवतात.’

‘तुम्ही कुणाला सांगितलं नाही?’

‘सांगितलं ना मायले. तर ती म्हणे, मारत तं नाही ना.’

पुढून भैयाजींची हाक आली — ‘पुऱ्या तळून राहिल्या का गप्पा?’ शामलाबाईंनी घाईनं माझ्या हातात ताट दिलं. निघताना ओटी भरली, माझ्याकडे पाहिलं नाही.

१ मे

आज तोंड धुऊन तशीच बाबांसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. दिवा, फोन, इकडे पाह्य — सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘यात वाईट काय हाय बाई? जीव लागला हाय त्याचा. लग्न झालं की एकाच घरात राहाल, मंग फोन कायले लागते?’

एकाच घरात. बाबांना ऐकूच आलं नाही, ते काय बोलले ते.

रात्री फोन लावावाच लागला.

३ मे

डबल थर लावला. तरी दिसतं.

५ मे

सकाळी बाबांना अनोळखी नंबरवरून फोन. शामलाबाई. बाबांनी स्पीकर लावला म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

‘हे लग्न मी मोडून राहिली. पोरीत काही खोट नाही. माह्या पोरात हाय. त्यानं घरातच पाहिलं ते.’

बाबांनी फोन आईकडे सरकवला. आईनं विचारलं, ‘ताई, भैयाजींना माहीत आहे का? तुम्ही कुठून बोलता?’

‘सावनेरच्या बस स्टँडवरून. पिशवी घेऊन निघाली मी. गाडी लागली, ठेवतो.’